सोड्याची चिमूट

वनमाला परबच्या डाव्या दंडावर अर्ध्या चंद्रासारखा एक डाग आहे. तो डावाचा. आमटी वाढायचा खोलगट डाव, लोखंडी दांड्याचा. लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीत एका पाहुण्याने आमटीची वाटी अर्धी टाकली आणि ती उष्टं ताट घेऊन आत गेली, तेव्हा नवऱ्याने उकळत्या टोपातून डाव काढून तिच्या दंडाला टेकवला होता. मारला नव्हता, फेकला नव्हता. टेकवला होता, आणि कातडी चिकटेपर्यंत धरून ठेवला होता. सासू तिथेच नारळ खवत होती. ती म्हणाली, "चंदू, पुरे. तिका अजून वाढूचा आसा."

परबांच्या घरात नियम होता, वाढलेलं ताट परत येता कामा नये. सासू गिरणगावात खानावळ चालवायची तेव्हापासूनचा. पाळी संपवून आलेले कामगार तिच्याकडे भिंतीला टेकून जेवायचे आणि ताट पुसून उठायचे. ती त्यांची भूक होती, पण सासूने ते आपलं कसब मानलं. गिरण्या गेल्या, खोली विकली, मंडळी मुलुंडला आली. लहान कारखान्यांच्या ओळीत एक गाळा मिळाला, त्यात खानावळ पुन्हा उभी राहिली. सासू वारली. नियम मुलाच्या, चंद्रप्रकाशच्या हातात आला.

चंद्रप्रकाश रांधायचा, वनमाला वाढायची. मध्ये फुलाफुलांचा पडदा. "चंदूशेठच्या हाताला चव आहे," असं सगळी गिऱ्हाइकं म्हणायची, आणि ते खरं होतं. उष्टी ताटं मोरीशी गेली की तो मान वाकवून बघायचा. भाजी राहिली असेल तर चूक भाजीची नसायची, गिऱ्हाइकाचीही नसायची. वाढणारीची असायची. मग कधी कोपर, कधी झारा, कधी मानगूट धरून शेगडीच्या आचेजवळ तोंड. बाहेर आवाज जायचा. आवाज गेला की जेवणारी माणसं मोबाइलवरचं गाणं जरा मोठं करायची.

म्हणून वनमाला आग्रहात पटाईत झाली. "काय रे, एवढंच? बायकोने दम दिलाय की डॉक्टरने?" "घ्या हो काका, उद्या मिळेल न मिळेल." माणसं हसायची आणि खायची. ज्यांनी नाहीच खाल्लं, त्यांचं उरलेलं ती मोरीशी पाठ करून, उभ्या उभ्या, न चावता गिळायची. परक्याने कालवलेला भात, कुणी चोखून टाकलेला शेवग्याचा तुकडा, सगळं. ताट स्वच्छ दिसलं म्हणजे झालं. इतकी वर्षं ती स्वतःचं जेवण असं वेगळं कधी जेवलीच नाही, आणि तरी अंगाने सुटली. चंद्रप्रकाश त्यावरूनही बोलायचा.

त्याचं एक वाक्य ठरलेलं होतं. "पोटात गेल्यावर सगळं एकच." एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं होतं, आमटीत लसूण आहे का, माझा चातुर्मास आहे. हा आतून ओरडला, "नाय हो, जेवा." समोर सोललेल्या लसणीच्या पाकळ्या पडल्या होत्या. गृहस्थ तृप्त होऊन गेले. तो खिदळत राहिला. एका पोरीने सांगितलं, मला दह्याचा त्रास होतो, कशात घालत असाल तर सांगा. तिला त्याने मुद्दाम ताक घातलेली कढी पाठवली. ती दुसऱ्या दिवसापासून आली नाही. तेव्हा तो म्हणाला, बघ, नखरेवाली होती. आणि एका माणसाने फक्त एवढंच म्हटलं की भाजीला मासळीचा डाव नका वापरू, तर चंद्रप्रकाश पडदा बाजूला सारून बाहेर आला आणि त्याने स्टीलचा भरला तांब्या त्या माणसाच्या कपाळावर फेकला. भुवई फुटली. डोळ्यात रक्त उतरलं. बाकीच्यांनी त्या माणसालाच समजावलं. जाऊ द्या, तापट आहे, पण हाताला चव आहे.

अशा जागी धम्मपाल जेवायला येऊ लागला.

मागच्या गल्लीतल्या वर्कशॉपमध्ये तो लेथवर होता. जालन्याकडचा, उंच, पाठीत किंचित वाकलेला, हात तेलाने काळे. पहिल्याच दिवशी ताटावर बसण्याआधी म्हणाला, "मावशी, एक सांगून ठेवतो. मला झिंगे चालत न्हाईत. खाल्ले की घसा बंद होतो. लहानपणी एकदा मरता मरता वाचलोय."

वनमाला हसली. झिंगे म्हटल्यावर तिच्या डोळ्यांपुढे आली ती हॉटेलच्या बोर्डावरची, शेपट्या वर केलेली ताजी कोळंबी. "झिंगे? अरे बाबा, इकडे कोण देतंय तुला झिंगे? त्यासाठी जुहूला जा."

"न्हाई ना? मग झालं."

तरी तो रोज विचारायचा. ताट समोर आलं की, "मावशी, झिंगे?" आणि ती म्हणायची, "नाय रे, जेव." पुढे पुढे ते नमस्कार-चमत्कारासारखं झालं. त्याच्या शेजारी नेहमी बसणारा रिक्षावाला राजेश चिडवायचा, "याला एकदा झिंग्याशी लग्न लावून द्या वहिनी." धम्मपाल हसायचा, आणि तरी दुसऱ्या दिवशी विचारायचा. ज्याचा घसा एकदा बंद झालेला असतो तो चेष्टेला भीत नाही.

त्याचं ताट कधी परत आलं नाही. वनमालाला तो आवडायचा त्याचं हे एक कारण होतं, आणि ते तिला लाज वाटण्याइतकं ठाऊक होतं.

त्या दिवशी चंद्रप्रकाश वर्सोव्याहून सोडे घेऊन आला होता. सोडे म्हणजे सोललेली, उन्हात वाळवलेली कोळंबी. ओळखीच्या कोळणीने चांगले निवडून दिले होते, लालसर, कडक. त्याने ते तव्यावर भाजले आणि लोखंडी खलबत्त्यात घालून कुटायला बसला. आदल्या दिवशी कुणीतरी वांग्याच्या भाजीला "बरी आहे" म्हटलं होतं. बरी. तो शब्द त्याच्या डोक्यात फिरत होता. बत्त्याचे घाव इतके जोरात पडत होते की मांडणीतली फुलपात्रं थरथरत होती. पूड झाली, ती त्याने वांगी-बटाट्याच्या टोपात मुठीने टाकली.

वनमाला कांदा चिरत होती. ती थांबली.

"त्या धम्मपालाक वाईच वेगळी काढूया काय? त्याका झिंगे चालत नाय."

"झिंगे खंय दिसले तुका?"

"सोडे म्हणजे कोळंबीच मा."

"कोळंबी नाय, पूड ती. एका टोपात दोन भाजये होनत नाय." त्याने बत्ता खलात आपटला. "गावाक भाकरी-ठेचो खातत, आणि हय इले की ह्येंका पथ्यां. तुका पुळको इलो काय त्याचो?"

पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. तिच्या कमरेवर तीन दिवसांपूर्वीचा वळ अजून निळा होता. तिने मनाशी ठरवलं, आपण त्यालाच सांगू. नको म्हणाला तर नुसती आमटी-भात देऊ, आणि भाजी मोरीशी गिळून टाकू.

एवढं तिने खरंच केलं. दुपारी पंख्याखालच्या बाकावर तो बसला, शेजारी राजेश कानाला मोबाइल लावून कुणाशी तरी भांडत होता. धम्मपालने नेहमीचं विचारलं, "मावशी, झिंगे?"

"झिंगे नाय रे," ती वाटी हातात धरून रोजच्या सवयीने म्हणाली. "सोड्याची पूड आहे पण. चिमूटभर. चालेल ना तुला?"

"सोड्याची?" तो हसला. "सोड्याला काय होतंय मावशी. पोट साफ राहतं."

वनमालाचा हात क्षणभर हवेत राहिला. पोट साफ? सोड्यांनी कुणाचं पोट साफ होतं? काहीतरी कुठेतरी चुकल्यासारखं तिला वाटलं. काय, ते हाताशी येईना. तेवढ्यात पडद्यामागून टोपावर डाव आपटला. "वनमाला! बांगडे थंड करतंस काय?"

तिने वाटी ठेवली. चालेल म्हणाला ना. बस.

त्याने पहिला घास घेतला आणि म्हणाला, "भारी झालीय आज." तिने सवयीने आणखी एक डाव वाटीत ओतला. तो नको म्हणत होता. "घे रे," ती म्हणाली, "जवान माणूस तू."

ती बांगडे वाढून वळली तेव्हा तो तळहात बाकाच्या कडेवर घासत होता. मग मान. मग दोन्ही हातांनी मान. गळ्यावर, कानांमागे गांधी उठत होत्या, बघता बघता एकमेकींत मिसळत होत्या. ओठ सुजून उलटे झाले. तो खोकला, पुन्हा खोकला, मग त्याच्या खोकल्यातला आवाजच गेला. उठायला गेला तो बाक घेऊन आडवा झाला. ताट, वाटी, पेला, राजेशची आमटी, सगळं अंगावर. फरशीवर पडून तो स्वतःच्या गळ्याला नखं लावत होता, आत कुणी हात घालून घसा धरलाय आणि तो हात सोडवायचाय असा. काळ्या नखांनी कातडी निघाली. रक्त शर्टात गेलं. डोळे वनमालावर होते. त्या डोळ्यांत राग नव्हता, प्रश्न होता. रोजचाच.

"फिट आली!" चंद्रप्रकाश बाहेर आला. "चप्पल हुंगवा." त्याने खरंच स्वतःची चप्पल काढून त्याच्या नाकावर दाबली. श्वासासाठी उघडलेलं तोंड चपलेखाली गेलं. दोन मिनिटांपूर्वी जेवणारी माणसं भिंतीला चिकटून उभी होती. कुणी म्हणालं कांदा आणा, कुणी म्हणालं पाणी पाजा.

"फिट नाय ती," वनमाला म्हणाली. "घसा बंद झालाय त्याचा. त्याने सांगितलं होतं. राजेश, रिक्षा काढ!"

राजेश धावला. चंद्रप्रकाशने एकदा धम्मपालच्या निळ्या पडत चाललेल्या ओठांकडे बघितलं, एकदा दाराबाहेर जमणाऱ्या माणसांकडे. मग चप्पल टाकली आणि वाकून धम्मपालचे दोन्ही घोटे धरले.

"काय करताय?"

"भायेर घालतंय. हय मेलो तर टाळां लागतला दुकानाक. रस्त्यार मरांदे."

तो ओढू लागला. धम्मपाल उंच माणूस, त्याचं डोकं फरशीवरून घासत निघालं. उंबऱ्याच्या लोखंडी पट्टीवर ते आपटलं, तो आवाज सगळ्यांनी ऐकला.

"सोडा! सोडा त्याला!" वनमाला मध्ये आली. त्याने एका हाताने घोटा धरूनच दुसऱ्या हाताने तिच्या तोंडावर ठोसा मारला. दात ओठात शिरला. ती उंबऱ्याच्या आत मागे धडपडत गेली, पडद्याला धरू बघत कोसळली, आणि पडदा काठीसकट तिच्या अंगावर आला. उठताना तिचा हात टेकला तो खलबत्त्यावर.

बत्ता तिने दोन्ही हातांनी उचलला. त्याला अजून सोड्यांची पूड लागलेली होती. ती बाहेर आली, नवऱ्याच्या बाजूला उभी राहिली, आणि नारळ फोडावा तसा तो त्याच्या मनगटावर आणला. हाड मोडल्याचा आवाज आला. चंद्रप्रकाशने घोटा सोडला. ओरडण्याआधी तो आपल्याच हाताकडे बघत राहिला, जो भलत्या ठिकाणी वळला होता. तिने बत्ता पुन्हा उचलला तेव्हा तो मागे सरकला. लग्नाला एवढी वर्षं झाली, तो मागे सरकलेला तिने पहिल्यांदा पाहिला.

राजेशने आणि तिने धम्मपालला रिक्षात घातलं. त्याचं डोकं तिच्या मांडीवर होतं. श्वास घेताना त्याच्या छातीतून शिट्टीसारखा बारीक आवाज येत होता. सिग्नलला तो आवाजही थांबला. "राजेश!" एवढंच ती म्हणाली, आणि राजेशने रिक्षा उलट्या बाजूने घातली. समोरून येणाऱ्या टेम्पोचा आरसा रिक्षाच्या टपाला घासून फुटला.

जवळच्या हॉस्पिटलात त्याला खाटेवर टाकलं आणि मागोमाग चंद्रप्रकाश आला. मोडका हात छातीशी धरून, कुणाच्या तरी स्कूटरवर. घामाने निथळत होता, पण बोलायचं भान त्याला होतं. वनमालाला खांद्याने बाजूला सारून तोच डॉक्टरीणबाईंना म्हणाला, "फिट येते मॅडम त्याला. नेहमीची. पडताना सावरायला गेलो, माझा हात मोडला."

डॉक्टरीण धम्मपालच्या तोंडात टॉर्च घालून बघत होत्या. "फिटच्या गोळ्या चालू आहेत? अंगावर हे काय उठलंय? काय खाल्लं? काही औषध, इंजेक्शन?"

"काय नाय. दारू प्यायला असेल. बाहेरून आला होता."

वनमालाच्या तोंडात रक्त साचलं होतं. तिने ते तिथेच फरशीवर थुंकलं. "माझ्याकडे जेवला. भाजीत सोड्याची पूड होती."

"सोडा?" सिस्टर म्हणाली. ती नागपूरकडची, बोलण्यावरून कळत होतं. "खायचा सोडा? त्यानं असं नाही होत बाई."

तेव्हा वनमालाला कळलं. पोट साफ राहतं. सोड्याला काय होतंय मावशी, पोट साफ राहतं. त्याने खायचा सोडा ऐकला होता. भज्यांत घालतात तो, पांढरा. त्याच्या गावाकडे सोडा म्हणजे तेवढाच. आणि झिंगे म्हणजे? आठवडी बाजारात पोत्यावर ओतून मापाने विकतात ती सुकट, बारीक, वाळलेली. हॉटेलातली कोळंबी त्याने जन्मात खाल्ली नसेल. तो रोज तिला विचारत होता ते याच्याबद्दल, नेमकं याच्याबद्दल, आणि ती रोज दुसऱ्याच कशाला तरी नाही म्हणत होती.

"गप रव," नवरा कानाशी म्हणाला. "घराक चल, मग बघतंय तुका."

"सोडा नाय!" ती ओरडली. बाहेरच्या बाकांवरची माणसं उठून उभी राहिली. "सोडे! झिंगे, झिंगे! सुकवलेले झिंगे कुटून घातले होते. त्याला झिंगे चालत नाहीत, घसा बंद होतो. त्याने सांगितलं होतं. रोज सांगत होता!"

डॉक्टरीण पुढचं ऐकायला थांबल्या नाहीत. सिस्टर आधीच ट्रेकडे वळली होती. पँट कापली, मांडीत सुई गेली, तोंडावर मास्क चढला. नाडी लागेना म्हणून दुसरी सुई. धम्मपालचं शरीर खाटेवर असं उसळलं की राजेशने आणि वॉर्डबॉयने त्याचे खांदे दाबून धरले. मग कुठेतरी खोल, गंजलेली कडी निघावी तसा एक श्वास आत गेला. ओला, घरघरता, कुरूप श्वास. वनमाला भिंतीला टेकून खाली बसली.

"कुणी घातलं होतं ते भाजीत?" नंतर डॉक्टरीणबाईंनी विचारलं. हवालदार आला होता, त्याच्या देखत.

"यांनी घातलं," ती म्हणाली. "मी वाढलं. दोनदा."

दुसऱ्या दिवशी धम्मपालची आई जालन्याहून आली. द्रौपदीबाई. नऊवारी, कपाळ मोकळं, हातात कापडी पिशवी. वनमाला वॉर्डाबाहेर डबा घेऊन उभी होती, फुटक्या ओठाची. मऊ भात आणि मुगाचं वरण, आणखी काही नाही. सगळं स्वतः नव्या भांड्यात शिजवलेलं.

"तूच का ती खानावळवाली?"

"हो."

"माह्या लेकरानं सांगितलं व्हतं तुला?"

"सांगितलं होतं."

थप्पड अशी बसली की वनमालाचा ओठ पुन्हा फुटला. दुसरी. मग द्रौपदीबाईने तिच्या हातातला डबा ओढला आणि भिंतीवर मारला. झाकण उडालं, वरण भिंतीवरून ओघळलं, भाताची ढेकळं जिन्यापर्यंत गेली. "घाल, घाल अजून! वाढ! मरू दे सगळ्यांले!" तिला दोन बायकांनी धरलं. वनमालाने हात वर केला नाही. तिने गुडघ्यांवर बसून भात गोळा केला, पदराने भिंत पुसली. ताट परत आलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा तिने परत आलेलं अन्न गिळलं नाही. डब्यात भरलं आणि खाली जाऊन कचऱ्यात टाकलं.

त्याच संध्याकाळी वर्कशॉपची पोरं खानावळीवर आली. काउंटरची काच, दोन बाकं, पाण्याचा माठ, बाहेरचा बोर्ड, काही ठेवलं नाही. चंद्रप्रकाश प्लास्टरचा हात घेऊन पोटमाळ्यावर लपला होता. त्याला खाली ओढून गटाराच्या कडेवर बसवून मारलं. एक दात गेला. वनमालाने पोलिसांना बोलावलं, पण सावकाश.

घरी आल्यावर त्याने डावा हात उगारलाच. सवय अशी एका मनगटात नसते. ती टेबलाशी लसूण सोलत होती. खानावळीतला बत्ता तिच्यासमोर होता.

"घोवार हात टाकतंस? रांड!"

"त्यावेळी मनगट होतं," वनमाला म्हणाली. तिने मान वर केली नाही. "पुढच्या वेळी बघून घेईन काय ते."

डावा हात खाली आला. त्याने जाऊन टीव्ही लावला. ती लसूण सोलत राहिली.

केस उभी राहिली. जबाबात तिने जे हॉस्पिटलात सांगितलं तेच सांगितलं, नवऱ्याबद्दलही आणि स्वतःबद्दलही. वकील म्हणाला, वहिनी, दुसरं वाक्य गाळा, तुम्हीच अडकाल. तिने गाळलं नाही. खानावळ काही दिवस बंद राहिली आणि मग ती स्वतः रांधू लागली. तिच्या हाताला नवऱ्याची चव नाही, सगळे म्हणतात. गिऱ्हाईक कमी झालं. काही जुनी माणसं अजून हळहळतात, की एका पोराच्या पथ्यापायी चंदूशेठचा हात गेला. हात वाकडा जुळलाय. डाव पेलत नाही. तो काउंटरशी खुर्चीत बसतो, पैसे घेतो, आणि कुणी काही विचारलं की तोंडातल्या तोंडात सुरू करतो, "पोटात गेल्यावर..." वनमाला आतून बत्ता ओट्यावर ठेवते. नुसता ठेवते. वाक्य पुढे जात नाही.

आता ती काय देऊ असं आधी विचारत नाही. काय चालत नाही, असं विचारते. कुणी काही सांगितलं की दुसरा प्रश्न ठरलेला, "तुमच्याकडे त्याला काय म्हणतात?" आणि तरी समाधान झालं नाही तर आत जाऊन ती ती वस्तू तळहातावर घेऊन येते आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे धरते. हेच ना? बघा नीट. काहींना गंमत वाटते, काहींना कटकट. घाई असलेला एक माणूस म्हणाला, बाई, परीक्षा घेताय का? ती म्हणाली, हो.

धम्मपाल बरा झाला आणि एकदा आला. कामावरून परत जाताना, पिशवी खांद्याला. गळ्यावर नखांचे पांढरे व्रण होते. तो पायरीखाली थांबला, उंबऱ्याच्या त्या लोखंडी पट्टीच्या अलीकडे. आत खुर्चीत चंद्रप्रकाश होता, त्याने पेपर तोंडासमोर धरला.

वनमाला बाहेर आली. त्याला पाहिलं. ती परत आत गेली, डब्यातून दोन सोडे घेऊन आली आणि हात लांबूनच त्याला दाखवला.

त्याने वाकून बघितलं, जवळ न येता. "हे झिंगेच की मावशी. मोठाले."

"आमच्यात सोडे म्हणतात."

"हां." त्याने सोड्यांकडे पुन्हा बघितलं. "मला वाटलं, भज्यातला."

"मला कळायला हवं होतं. तू पोट साफ म्हणालास तेव्हाच."

त्याने पिशवीचा पट्टा खांद्यावर सारखा केला. "आई आलीय ना राहायला. आता डबा घरूनच असतो."

"बरं आहे," वनमाला म्हणाली.

आत टोपात वरण उकळत होतं. बस, घोटभर चहा तरी घे, असं तिच्या ओठांवर आलं होतं. सगळा जन्म त्या शब्दांवर गेला होता तिचा. तिने मूठ मिटली. सोडे तळहाताला टोचत होते. तो गल्लीच्या टोकाशी वळेपर्यंत ती पायरीवर उभी राहिली. तिने त्याला काहीही घे म्हटलं नाही.